वेल्डिंग मशीनचा थर्मल स्विच बदलताना: काय करावे, काय टाळावे

मार्च उलटला की सोलापुरात पत्र्याच्या शेडखालचं वेल्डिंग मशीन भर दुपारी हात टेकतं. पाच-सात रॉड नीट जळतात, मग समोरचा पिवळा दिवा लागतो. फॅन फिरत असतो, पण होल्डरला करंट नसतो. थोडा वेळ थांबलं की मशीन पुन्हा चालू. हे सगळं आतला नखाएवढा थर्मल स्विच घडवून आणतो. त्याच्या पोटात दोन धातूंची मिळून बनलेली किंचित खोलगट चकती असते. ठरलेल्या तापमानाला ती टक्‌दिशी उलटी वळते आणि सर्किट तोडते. गार झाली की परत जागेवर येते.

हा स्विच कधीतरी खरोखर निकामी होतो. पण त्याहून कितीतरी जास्त वेळा तो आपलं काम चोख करत असतो आणि दोष भलतीकडेच असतो. तरी दुकानात पहिला सल्ला ठरलेला: "दोन वायरी एकत्र पिळा, डायरेक्ट करून टाका." ग्रिल-शटरची दुकानं, अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतली फॅब्रिकेशनची शेडं, गळीत हंगामाच्या तोंडावर रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या जोडणारे कारागीर, या सगळ्यांसाठी ही यादी आहे. त्या सल्ल्यापासून त्यांनी लांब राहावं, एवढ्यासाठी ती लिहिली.

आधी निदान

करा: दिवा नेमका कधी लागतो ते बघा. सकाळी गार मशीन चालू करताच दिवा लागला आणि तसाच राहिला, तर स्विच उघडा पडून राहिलाय, त्याची वायर तुटलीय किंवा बोर्डावरचा कनेक्टर सैल झालाय. काम करता करता लागला आणि थोड्या वेळाने विझला, तर स्विच ठीक आहे. मशीन तापतंय, ते का तापतंय ते शोधा.

करा: मीटरने तपासा. मशीनची लाइन पूर्ण काढून, कपॅसिटर रिकामे करून (ते कसं, ते पुढे आहे), स्विचच्या दोन्ही वायरी सोडवा आणि कन्टिन्यूटी बघा. इन्व्हर्टर मशीनमध्ये बहुतेक वेळा नॉर्मली क्लोज प्रकारचा स्विच असतो. गार असताना तो 'बीप' द्यायलाच हवा. बीप आला तर नवा स्विच आणायची घाई नको, बिघाड बोर्डावर शोधा. पुष्कळ मशीनमध्ये जास्त तापल्याचा आणि जास्त करंटचा दिवा एकच असतो. आयजीबीटी किंवा ड्रायव्हर गेला तरी तोच पिवळा दिवा लागतो आणि बिचाऱ्या थर्मल स्विचवर आळ येतो.

करा: काढलेला स्विच गरम करून बघा. त्याच्या धातूच्या तोंडाला सोल्डरिंग गनचं टोक टेकवा आणि मीटर लावून ठेवा. टक्‌ आवाज येऊन बीप थांबला आणि गार झाल्यावर परत आला, तर चकती जिवंत आहे. ती परत येते ती बरीच खाली, साधारण पंधरा ते पंचवीस अंश उतरल्यावर. त्यामुळे मशीन लगेच सुरू झालं नाही म्हणून स्विच अडकला असा निष्कर्ष काढू नका.

टाळा: दिवा लागताच मेन स्विच बंद करणं. ही सवय सगळ्या शेडांत आहे आणि ती उलटी आहे. मशीन बंद केलं की फॅनही थांबतो, आतली उष्णता आतच कोंडते. रॉड बाजूला ठेवा, मशीन चालू राहू द्या, फॅनला त्याचं काम करू द्या.

टाळा: दोन तारा दिसल्या की तो स्विचच, असं समजणं. काही मशीनमध्ये हीटसिंकवर स्विचऐवजी थर्मिस्टर असतो. मीटरवर तो गार असताना काही हजार ओहम दाखवतो आणि गरम होताना ते कमी होत जातात. त्याच्या जागी स्विच लावला तर बोर्डाला तापमान कळणंच बंद होईल.

मशीन तापतंय ते का

सोलापूरचा विचार इथे करायलाच हवा. मशीनच्या पाटीवर लिहिलेली ड्यूटी सायकल आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दहा मिनिटांच्या चक्रावर आणि ४० अंश सेल्सिअस हवेवर ठरलेली असते. '२०० अँपिअर, ६० टक्के' याचा अर्थ ४० अंशांत सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं विश्रांती. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेर सावलीतच पारा ४० च्या वर जातो आणि तापलेल्या पत्र्याखाली त्याहून वर. म्हणजे दुपारी पाटीवरचा आकडा आपल्याला लागू होत नाही. त्या वेळी स्विच पडला तर मशीन खराब नाही, ते खरं बोलतंय.

करा: करंट कमी केला की वेळ किती वाढतो त्याचा हिशेब मनाशी ठेवा. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात चढते. २०० अँपिअरला ६० टक्के चालणारं मशीन साधारण १५५ अँपिअरला न थांबता चालू शकतं. दहा नंबरच्या, म्हणजे ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ९० ते १३० अँपिअर पुरतात. तिथे नॉब शेवटपर्यंत फिरवून ठेवण्यात काही शहाणपण नाही. आठ नंबरचा रॉड सलग ओढायचा असेल तर तसं काम सकाळी घ्या.

करा: हीटसिंकच्या पाकळ्या साफ करा. यंत्रमागाच्या वस्तीतलं मशीन उघडलं की आत काय दिसतं ते एकदा नीट बघण्यासारखं आहे. फॅनच्या मागे, पाकळ्यांच्या तोंडावर रुईचा करडा थर बसलेला असतो. चिमटीत धरला तर चादरीचा तुकडा निघावा तसा तो सलग सोलून निघतो. त्याच्या मागे पाकळ्या कोऱ्या करकरीत असतात, कारण हवा तिथवर पोहोचलेलीच नसते. अशा मशीनमध्ये कितीही स्विच बदलले तरी दिवा लागतच राहणार.

करा: कोरडी, कमी दाबाची हवा मारा आणि मारताना फॅनचं पातं लाकडी काडीने अडवून धरा. हवेच्या झोताने फॅन मोकाट फिरला तर बेअरिंग जातं आणि काही फॅन उलटी वीज तयार करून बोर्डाला पाठवतात.

टाळा: ग्राइंडरच्या शेजारी मशीन ठेवणं. रुई निदान वीज वाहून नेत नाही. ग्राइंडरची लोखंडी भुकटी नेते. ती बोर्डावर बसली की शॉर्ट व्हायला एक दमट पहाट पुरते.

टाळा: झाकण काढून, वर टेबल फॅन लावून मशीन चालवणं. वाटतं असं की हवा जास्त लागेल. पण मशीनची पेटी हवेचा बोगदा म्हणून केलेली असते: मागून आत, पाकळ्यांमधून, पुढून बाहेर. बाजूचा पत्रा काढला की हवा जवळच्या वाटेने निसटते आणि पाकळ्या तापतात. शिवाय उघड्यावर जिवंत व्होल्टेज असतं ते वेगळंच.

करा: लाइनचं व्होल्टेज मशीनच्या टर्मिनलवर, वेल्डिंग चालू असताना मोजा. लांबलचक बारीक केबल आणि दुपारचा लोड मिळून व्होल्टेज पाडतात. व्होल्टेज पडलं की इन्व्हर्टर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढतं आणि आयजीबीटी तापतात. फॅन फिरतोय की नुसता रांगतोय, तेही बघा. नवा फॅन लावला असेल तर बाणाची दिशा तपासा. उलटा बसलेला फॅन फिरताना दिसतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

उघडण्याआधी

वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूला हात लावू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या. वॉरंटी संपली असेल तर पुढचं वाचा, आणि या भागात घाई करू नका.

करा: प्लग काढा, किंवा एमसीबी पाडून त्यावर चिठ्ठी लावा आणि मशीनची वायर टर्मिनलवरून सोडवा. नुसता मशीनवरचा स्विच बंद करणं पुरेसं नाही. मशीन बंद असतानाही त्या स्विचपर्यंत लाइन आलेली असते.

करा: किमान दहा मिनिटं थांबा आणि मग डीसी कपॅसिटरवरचं व्होल्टेज मोजा. सिंगल फेज इन्व्हर्टरमध्ये तिथे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात, थ्री फेजमध्ये ५८० च्या आसपास. दिवा विझला, फॅन थांबला, याचा अर्थ कपॅसिटर रिकामा झाला असा नव्हे. मीटर शून्याजवळ येईपर्यंत आत बोट नाही.

करा: व्होल्टेज उरलं असेल तर चांगलं इन्सुलेशन असलेल्या टेस्ट वायरींना जोडलेला २३० व्होल्टचा पिवळा बल्ब कपॅसिटरच्या टोकांना लावून ते उतरवा. थ्री फेजला दोन बल्ब सिरीजमध्ये घ्या. बल्ब क्षणभर उजळतो आणि मंदावतो. नंतर पुन्हा मोजा.

टाळा: स्क्रू ड्रायव्हरने कपॅसिटर शॉर्ट करणं. ठिणगीने टोक वितळतं, कपॅसिटरला इजा होते आणि उडालेला धातूचा कण डोळ्यात जाऊ शकतो.

टाळा: घामेजल्या अंगाने, एकट्याने, रात्री उशिरा हे काम करणं. बाजूला एक जाणता माणूस हवाच.

स्विच निवडताना

करा: जुन्या स्विचवरचं सगळं लिहून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढा. 'केएसडी ३०१, ७५ अंश, २५० व्होल्ट, १० अँपिअर' असा मजकूर बहुधा सापडतो. तापमान तेच, प्रकार तोच, तोंडाचा आकार आणि स्क्रूचं भोक तेच. केएसडी ३०१ या एकाच नावाखाली नॉर्मली क्लोज आणि नॉर्मली ओपन असे दोन्ही मिळतात, दिसायला हुबेहूब. काउंटरवरच मीटर लावून तपासून घ्या. आपोआप परत येणारा आणि बटण दाबून परत आणायचा, हाही फरक बघा.

करा: आकडे पुसले गेले असतील तर त्याच मॉडेलचं दुसरं मशीन शोधा किंवा कंपनीला विचारा. काहीच कळलं नाही तर अंदाज खालच्या बाजूचा धरा. इन्व्हर्टरच्या हीटसिंकवर साधारण ७० ते ८५ अंशांचे स्विच असतात. लवकर पडणारा स्विच काम थांबवतो, उशिरा पडणारा मशीन घालवतो.

टाळा: ७५ मिळाला नाही म्हणून ९५ किंवा १२० चा बसवणं. हीटसिंक ७५ अंशांवर असतो तेव्हा आयजीबीटीच्या आतली चिप त्याहून खूप गरम असते. तिची मर्यादा बहुतेक जातींत १५० अंशांची. हीटसिंकला वीस-पंचवीस अंशांची सूट दिली की चिप कड्यावर जाऊन उभी राहते.

करा: ट्रान्सफॉर्मर किंवा रेक्टिफायर मशीन असेल तर वेगळा हिशेब धरा. तिथे स्विच वाइंडिंगच्या वेढ्यांत खोचलेला असतो आणि त्याचं तापमान वाइंडिंगच्या इन्सुलेशनच्या वर्गावर ठरतं: एफ वर्गाची मर्यादा १५५ अंश, एच वर्गाची १८०. हा स्विच बऱ्याचदा कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत असतो. कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर २५० व्होल्टचा स्विच तिथे चालणार नाही. ऑइल कूल्ड जुन्या मशीनमध्ये असा स्विच सहसा सापडत नाही. तिथे तेलाची पातळी बघणं हेच मुख्य काम.

बसवताना

करा: हीटसिंकची जागा स्पिरिटने पुसा, जुनी वाळलेली पेस्ट खरवडून काढा, थर्मल पेस्टचा पातळ हात द्या. धातूचं तोंड सपाट टेकलं पाहिजे. कागदाइतकी फट राहिली तरी स्विच हवेचं तापमान सांगत बसेल.

करा: जुन्या जागीच बसवा. कंपनीने ती जागा सर्वांत तापणाऱ्या भागाजवळ निवडलेली असते. फॅनच्या तोंडाशी, हात सहज पोहोचतो म्हणून बसवलेला स्विच कधीच पडत नाही आणि मालकाला वाटतं मशीन सुधारलं.

करा: लग घट्ट क्रिंप करा, त्यावर काचतंतूची स्लीव्ह चढवा, वायर फॅनच्या पात्यापासून आणि पाकळ्यांच्या धारेपासून लांब बांधा.

टाळा: स्क्रू जीव खाऊन आवळणं. कान वाकला की आतल्या चकतीवर ताण येतो आणि पडण्याचं तापमान सरकतं. पेस्ट टर्मिनलकडे लोटणं, फेव्हिक्विकने चिकटवणं, पीव्हीसी टेप गुंडाळणं, हेही नको. टेपचा गोंद उष्णतेने वितळून खाली ओघळतो.

टाळा: वाइंडिंगमध्ये स्विच खोचताना लोखंडी पट्टीने वेढे फाकवणं. वार्निशला एक ओरखडा गेला तरी तिथून शॉर्टची सुरुवात होते. बांबूची चपटी काडी वापरा.

डायरेक्ट करणं

टाळा. अर्ध्या तासासाठीही, 'एवढी डिलिव्हरी जाऊ दे' म्हणूनही.

इन्व्हर्टरमध्ये स्विच डायरेक्ट केला की पुढचा क्रम ठरलेला आहे. हीटसिंक तापत राहतो, आयजीबीटी शॉर्ट होतात, पाठोपाठ ब्रिज रेक्टिफायर जातो, एमसीबी पडतो, कधी कपॅसिटर फुगून फुटतो. स्वस्तातला स्विच वाचवायला जाऊन अख्खा बोर्ड बदलावा लागतो.

ट्रान्सफॉर्मर मशीनमध्ये गोष्ट पैशावर थांबत नाही. मर्यादेच्या वर प्रत्येक दहा अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा विद्युत क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. वार्निश जळत जळत प्रायमरी आणि सेकंडरी वाइंडिंग एकमेकांना भिडलं, तर लाइनचं व्होल्टेज थेट होल्डरवर येतं. ज्याच्या हातात तो होल्डर असतो त्याचे हातमोजे उन्हाळ्यात घामाने ओले असतात आणि मांडी लोखंडाला टेकलेली असते. अर्थिंग धड नसेल तर पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको. मशीन मालकाचं असतं, होल्डर मात्र बहुधा दुसऱ्याच कुणाच्या हातात असतो. म्हणून हा निर्णय मेकॅनिकने आणि मालकाने परस्पर घ्यायचा नाही, घ्यायचाच नाही.

तपासणीपुरता जंपर लावावाच लागला, तर वेल्डिंग न करता, दिवा विझतो की नाही एवढंच बघून तो लगेच काढा. लाल वायर वापरा, म्हणजे विसरणार नाही.

बसवल्यावर

करा: नवा स्विच खरंच पहारा देतोय का, ते सिद्ध करा. ही चाचणी फार थोडे मेकॅनिक करतात, म्हणून ती नीट सांगतो. लाइन काढून, कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करून, स्विचचा एक लग सोडवा. त्यावर इन्सुलेशन घाला, झाकण लावा आणि मशीन चालू करा. पिवळा दिवा लागला पाहिजे आणि आउटपुट टर्मिनलवरचं व्होल्टेज, एरवी ६०-७० व्होल्ट असणारं, शून्याजवळ आलं पाहिजे. असं झालं नाही तर आधी कुणीतरी बोर्डावरच सर्किट डायरेक्ट करून ठेवलंय. जुन्या बाजारातून घेतलेल्या मशीनमध्ये हे तपासल्याशिवाय राहू नका. (नॉर्मली ओपन प्रकार असेल तर ही चाचणी उलटी: लग सोडवून काही होणार नाही, दोन टोकं जोडल्यावर दिवा लागेल.) चाचणी झाली की तीच काळजी घेऊन लग परत जोडा.

करा: मग पाटीवरच्या ड्यूटी सायकलप्रमाणे तीन-चार चक्रं वेल्डिंग करा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर झाकणाच्या जाळीतून हीटसिंक बघा. पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खूप कमी आकडा दाखवतो. आधी, मशीन उघडं असताना, पाकळीवर काळ्या, उष्णता सोसणाऱ्या टेपचा तुकडा लावून ठेवा आणि त्यावर नेम धरा.

करा: झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि स्विचचं तापमान लिहा. पुढच्या मेकॅनिकला अंदाज बांधावा लागणार नाही.

टाळा: स्विच बदलल्यावर दोन दिवसांत दिवा पुन्हा लागला तर तिसरा स्विच आणणं. केबलचे लग, आउटपुटच्या डायोडखालची वाळलेली पेस्ट आणि फॅनचा वेग, या क्रमाने बघा. आउटपुट सॉकेट हाताला चटका देत असेल तर उत्तर तिथेच आहे.

रुईच्या वस्तीत दर महिन्याला आणि बाकी ठिकाणी दर तीन महिन्यांनी मशीनमधली धूळ काढा. ज्यांच्या शेडमधल्या मशीनचा स्विच आज डायरेक्ट केलेला आहे, त्यांना कळकळीची विनंती: ती जोडलेली वायर पाडव्याच्या आत काढून घ्या आणि नवा स्विच बसवा. होल्डर धरणाऱ्या माणसाला बाहेरून ती वायर दिसत नाही.